सड्यावरच्या वनस्पतींची नोंद: चौकटी किती, कुठे आणि कोणत्या महिन्यात?

प्रश्न – कातळवाट

आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीतला रानवनस्पतींचा भाग नव्याने करायचं ठरवलंय. गाव पाटण तालुक्यात. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा (कातळाचं सपाट पठार) आहे: उंची साधारण १०५० मीटर, लांबी दीड किलोमीटर, रुंदी कुठे ४०० मीटर तर कुठे जेमतेम १००. निम्मा सडा गायरान, उरलेला खासगी. वनखात्याची हद्द खालच्या उतारावर सुरू होते. जुन्या नोंदवहीत अख्ख्या सड्याला एक पान दिलंय. त्यावर सोनकी, तेरडा, गेंद, कारवी आणि 'इतर रानफुले'.

हाताशी आठ माणसं आहेत: दोन शिक्षक, बारावी शास्त्र झालेली तीन मुलं, एक गुराखी काका आणि रानभाज्या जाणणाऱ्या दोन मावश्या. साधनं म्हणजे मोबाइल, दोरी, मेजपट्टी आणि एक दहापट भिंग.

अडलंय ते असं:

१) वनस्पती मोजायला सगळीकडे '१ × १ मीटरची चौकट टाका' असं लिहिलेलं असतं. पण सड्यावर एका पावलावर उघडा कातळ, पुढच्या पावलावर डबकं. चौकटी टाकायच्या कुठे आणि किती?
२) सप्टेंबरात एकदा जाऊन भागेल का?
३) पावसाळ्यात दाबलेले नमुने काळे पडतात, बुरशी धरतात. उपाय काय?
४) गेंद आणि सीतेची आसवं फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येतात का?
५) दुर्मिळ काही सापडलं तर जागा नोंदवहीत लिहावी का?

प्रतिसाद १ – हिरवाचाफा

पहिल्या प्रश्नातच सगळं आहे, म्हणून तिथेच जरा थांबतो.

सडा एकसारखा नसतो, त्यामुळे तो क्षेत्रफळाने मोजायचा नाही, ओलीच्या हिशेबाने मोजायचा. जांभ्यावर माती कुठे दोन सेंटिमीटर, कुठे वीतभर. पाणी कुठे तासाभरात वाहून जातं, कुठे ऑक्टोबरपर्यंत टिकतं. कोणती वनस्पती कुठे उगवणार हे या दोन गोष्टी ठरवतात. माती आम्लधर्मी आणि निकस असते, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं अशा कीटकभक्षी वनस्पती ओलसर पातळ मातीत तग धरतात. खतावलेल्या मातीत गवतं त्यांना दाबून टाकतात.

आधी पाऊस चांगला लागल्यावर, जुलैमध्ये, एक दिवस फक्त नकाशासाठी द्या. उपग्रहचित्राची मोठी छापील प्रत घ्या आणि त्यावर रंगीत पेन्सिलीने हे भाग उतरवा: उघडा कातळ, कातळातल्या भेगा, पाणी झिरपतं ती पातळ मातीची ओली पट्टी, मातीने भरलेले उथळ खळगे, पाणी साठणारी डबकी, जाड मातीचा गवताळ भाग, आणि सड्याची कड, जिथे मोठे धोंडे आणि टोपली कारवी असते. गुराखी काकांना सोबत न्याच. कुठलं डबकं कधी आटतं हे त्यांना पाठ असतं.

मग प्रत्येक प्रकारात ८ ते १० चौकटी. डबकी सहा-सातच असतील तर सगळीच घ्या. मिळून ५५-६० चौकटी होतील. तिघांची तुकडी दिवसाला १२ ते १५ चौकटी नीट करते. त्याहून जास्त झाल्या तर समजा, बारीक रोपं सुटताहेत.

संपूर्ण सड्यावर सरसकट यादृच्छिक चौकटी टाकल्या तर काय होतं? डबक्यांनी सड्याचा शंभरातला एखादा भाग व्यापलेला असतो, त्यामुळे ६० पैकी एखादी चौकट डबक्यात पडेल किंवा एकही नाही. आणि वायतुरा, जांभळी मंजिरी, पाणगवतं ही मंडळी नेमकी तिथेच असतात. उलट प्रत्येक प्रकारात चौकटी टाकल्या, पण शेवटी सगळ्यांची एकच सरासरी काढली, तरीही चित्र खोटंच. आकडे प्रकारवार वेगळे ठेवा.

प्रकाराच्या आत जागा निवडताना मात्र चिठ्ठ्या टाका. नकाशावरच्या तुकड्यांना क्रमांक द्या आणि डोळे मिटून उचला. 'पाठमोरं उभं राहून दगड फेकायचा' ही पद्धत लोकप्रिय आहे, पण हात आपोआप फुलांकडे वळतो.

चौकट चौरसच हवी असं नाही, क्षेत्रफळ सारखं हवं. भेगेत १ मीटरची चौकट टाकली तर त्यात नव्वद टक्के कातळच मोजाल. तिथे १० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर लांब पट्टी घ्या. अशा दहा पट्ट्या मिळून १ चौरस मीटर. डबक्याच्या काठाला २५ सेंटिमीटर × ४ मीटरची पट्टी, पाण्याच्या रेषेला समांतर.

१ मीटर पुरेसा आहे का, हे प्रत्येक प्रकारात एकदा तपासा. ०.५ × ०.५ मध्ये किती जाती, मग ०.५ × १, १ × १, १ × २, २ × २. समजा आकडे ७, १०, १३, १४, १४ असे आले, तर १ × १ वर थांबायला हरकत नाही. २ × २ पर्यंत आकडा चढताच राहिला तर त्या प्रकारात मोठी चौकट घ्या. हे सहसा गवताळ भागात आणि कडेला होतं.

चौकटीत काय लिहायचं: जातींची यादी, प्रत्येकीचं आच्छादन (चौकटीतली किती जागा तिने झाकलीय) टक्क्यांत, मातीची खोली पाच ठिकाणी (जाड सुई किंवा सायकलची आरी टोचून), पाणी किती सेंटिमीटर, शेण किंवा राख आहे का. रोपं मोजण्याच्या फंदात सगळीकडे पडू नका. सीतेच्या आसवांचा ताटवा मोजायला बसलात तर दुपार तिथेच जाईल. त्यांच्यासाठी आच्छादन पुरे. हातावर मोजता येतील अशा कंदांची, आमरींची (ऑर्किडांची) आणि झुडपांची संख्या लिहा.

वारंवारिता काढायची तर सोपं आहे: २० पैकी ९ चौकटींत सापडली म्हणजे ४५ टक्के. फक्त लक्षात ठेवा, चौकटीचा आकार बदलला की हा आकडा बदलतो. वेगळ्या आकाराच्या चौकटींची वारंवारिता शेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रतिसाद २ – गवत्या

चाफा यांच्याशी सहमत. दोन भर.

सप्टेंबरात एकदा जाऊन अजिबात भागत नाही. फुलांचे फोटो काढायला तो महिना उत्तम, यादीसाठी अपुरा. जूनच्या मध्यात पहिल्या पावसानंतर कंदवाल्या वनस्पती उठतात: काळी मुसळी, फोडशीच्या जाती, रानहळद, आणि एकच गोल पान जमिनीला चिकटवून बसणारी वाघचौरा आमरी. यांतल्या बऱ्याच ऑगस्टपर्यंत फुलं उरकून गवतात हरवतात. जुलैअखेर ते ऑगस्ट कंदीलपुष्पं, आसवं, दवबिंदू. सप्टेंबरात सोनकी, कवला, गेंद, तेरडा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गवतं पिकतात, आणि गवत पिकल्याशिवाय ओळखू येत नाही. शिवाय एक फेरी फेब्रुवारीत मारा: कोरड्या सड्यावर भेगांतली झुडपं आणि गादीसारखी पसरलेली काटेरी रोपं दिसतात, वणवा कुठवर आला तेही कळतं. म्हणजे पाच फेऱ्या, त्याच चौकटींवर. माणसं कमी पडली तर चौकटी निम्म्या करा, फेऱ्या कमी करू नका.

गवतांबद्दल पोटतिडकीने सांगतो. जवळपास प्रत्येक नोंदवहीत गवत या रकान्यात 'कुसळी' आणि 'पवना' लिहून पुढे जातात. सड्यावर सर्वाधिक आच्छादन गवतांचं असतं, आणि ग्लायफोक्लोआसारखा वंश तर द्वीपकल्पीय भारताबाहेर सापडतच नाही. गवत घेताना मुळासकट, पिकत आलेल्या पण न झडलेल्या तुऱ्यासह घ्या. पान खोडाला जुळतं तिथला पातळ पडदा शाबूत हवा. तुरा झडला असेल तर ओळखणाऱ्याचेही हात टेकतात.

चौकट कशी करायची: अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, तीन बाजू, चौथ्या बाजूला दोरी. बंद चौकट उंच गवतात किंवा कारवीत खाली बसत नाही, तीन बाजूंची सरकवता येते. एल्बोमुळे माप वाढतं, म्हणून पाइप कापण्याआधी आतलं अंतर १०० सेंटिमीटर भरतंय ना ते जोडून पाहा. दर १० सेंटिमीटरवर खूण करून नायलॉन दोरा आडवा-उभा ताणला की १०० घरं होतात, एक घर म्हणजे एक टक्का. नवशिक्यांचं आच्छादन डोळ्याने नेहमी जास्त भरतं, विशेषतः पिवळ्या फुलांचं. घरं मोजली की भानावर येतात.

पुन्हा तीच जागा सापडायला हवी, तर लोखंडी खुंट्या जांभ्यात जात नाहीत, गेल्या तर गुरं उपटतात. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत हातड्रिलने ६ मिलिमीटरचं भोक, त्यात स्टेनलेस स्क्रू आणि वॉशर, कातळाच्या पातळीला. डबक्यात हे नको. तिथे काठावरच्या ठळक खडकापासून अंतर आणि होकायंत्राची दिशा लिहा. ऑइलपेंट लावू नका, आणि खुणेसाठी सुट्या दगडांचे ढीगही रचू नका. त्या दगडांखाली पाली, विंचू, देवगांडूळ राहतात.

आणि चौकटीभोवती गोल फिरू नका. ओल्या पातळ मातीत एक पाऊल पडलं की ती सोलून निघते. कातळावर उकिडवं बसून एकाच बाजूने वाचा, दुसऱ्याने लिहावं.

कातळवाट

दोघांचेही आभार. चिठ्ठ्यांची कल्पना मुलांना आवडली. उंचीबद्दल एक विचारायचं राहिलं: एका मोबाइलवर ९८६ मीटर दिसते, दुसऱ्यावर १०५१, जागा एकच. कुठला बिघडलाय?

प्रतिसाद ३ – हिरवाचाफा

बहुधा कुठलाच नाही. जीपीएस मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतं. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली, सुमारे ६० ते ७० मीटर आहे. काही ॲप ही दुरुस्ती करून दाखवतात, काही कच्चा आकडा तसाच दाखवतात. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या समोच्च (समान उंचीच्या) रेषांशी ताडून पाहा, जुळेल ते ॲप सगळ्यांनी वापरा. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा. सोबत 'अचूकता ± इतके मीटर' हा आकडाही लिहा. तो १० च्या आत येईपर्यंत मोबाइल उघड्यावर धरून थांबा.

प्रतिसाद ४ – टिपकागद

नमुने काळे पडण्याचं कारण बुरशी असं लोक धरून चालतात. ती नंतर येते. आधी पान मरायला वेळ लागतो, त्या वेळात पेशींतली द्रव्यं हवेशी मिळून काळी पडतात, आणि तोवर ओला कागद बुरशीला आमंत्रण देतो. म्हणजे औषध एकच: पहिल्या ४८ तासांत पाणी बाहेर काढायचं.

नमुने दाबायची प्रेस ४५ × ३० सेंटिमीटरची, प्लायवूडच्या दोन जाळीदार फळ्या आणि दोन पट्टे. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत, दोन्ही बाजूंना टिपकागद, आणि प्रत्येक दोन नमुन्यांमध्ये नालीदार पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या नळ्या सगळ्या एकाच दिशेला हव्यात, नाहीतर गरम हवा आरपार जात नाही. वर्तमानपत्र गुळगुळीत नको, मासिकाचा चकचकीत कागद तर मुळीच नको. तो पाणी शोषत नाही.

वाळवणीची पेटी: प्लायवूडचा उभा खोका, तळाशी ६० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे तारेचे दिवे (एलईडीने उष्णता येत नाही), त्यांच्या ३५-४० सेंटिमीटर वर प्रेस कडेवर उभी करून, नळ्या खालून वर. खाली आणि वर हवेला फटी. तापमान ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान. साठच्या वर गेलं की पानं ठिसूळ होतात आणि हिरवा रंग तपकिरी होतो. टिपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदला, पुढचे तीन-चार दिवस रोज एकदा. पेटी चालू ठेवून घराबाहेर जायचं नाही, कागद आणि दिवा आहे. वीज नसेल तर चुलीवरच्या माळ्यावरही वाळतात, काजळी धरते एवढंच.

सड्यावर दोन-तीन दिवस मुक्काम असेल आणि वाळवणं शक्य नसेल, तर वर्तमानपत्रातल्या घड्या एकावर एक रचून जाड प्लास्टिक पिशवीत घाला, मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ओलसर होईल इतपत शिंपडा आणि तोंड घट्ट बंद करा. आठवडाभर टिकतात. फुलांचे रंग जातात, म्हणून रंग आधी वहीत लिहा.

आता सड्याच्या खास अडचणी.

कंद आणि रसाळ खोडं प्रेसमध्ये मरत नाहीत. फोडशी, दीपकाडी, रानहळद यांना प्रेसमध्ये चक्क नवे कोंब फुटतात. कंद उभा चिरून दोन पाती करा आणि कंदाचा भाग अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरा. शिंदळ माकुडीसारख्या रसाळ खोडालाही हेच, फुलं मात्र पाण्याबाहेर ठेवून. (शिंदळ माकुडी दुर्मिळ आहे, सापडली तर दाबायला मुळीच घेऊ नका, ते फक्त पद्धतीचं उदाहरण.)

तेरड्याचं फूल दाबलं की त्याचा चिकट डाग होतो, त्यावरून काही कळत नाही. दोन-तीन फुलं सुटी करा, पाकळ्या, बाजूची निदलं (पाकळ्यांबाहेरची दलं) आणि मागची सोंड वेगवेगळी टिश्यू कागदावर मांडून दाबा. फुलासमोर मेजपट्टी धरून फोटो घ्या, तोच खरा पुरावा.

सीतेची आसवं आणि पाणवनस्पती हाताने कागदावर ठेवल्या की गोळा होतात. पसरट ताटात पाणी घ्या, त्यात कागद बुडवा, वनस्पती वर तरंगवून बोटांनी पसरा, मग कागद तिरका करून सावकाश उचला. मुळांसारख्या धाग्यांवरचे बारीक फुगे शाबूत राहतात.

कंदीलपुष्पाचं एक फूल ७० टक्के स्पिरिटच्या छोट्या बाटलीत. दाबलेल्या कंदिलातून आतली रचना कधीच दिसत नाही.

चिकटवण्याची शीट ४२ × २८ सेंटिमीटर. पानांना पातळ केलेलं फेव्हिकॉल, जाड खोडाला दोऱ्याचा टाका. चिकटपट्टी वापरू नका, दोन पावसाळ्यांत पिवळी पडून सुटते. पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवत. ते जहाल विष आहे, शाळेच्या कपाटात तर नकोच. त्याऐवजी वाळलेले नमुने पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. घाई केली तर बाष्प नमुन्यावर बसतं.

प्रतिसाद ५ – दहापटभिंग

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: गेंद फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येत नाही. ॲप काहीही नाव सांगो. गेंदाच्या जाती ठरतात त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या मादी फुलाच्या पाकळ्यांवरून, निदलांवरून आणि बियांच्या पृष्ठभागावरून. त्यासाठी ४०पट सूक्ष्मदर्शक लागतो, आणि बी पिकलेलं लागतं. म्हणून ऑक्टोबरअखेर पिकलेल्या बोंडांची पाच-सहा रोपं मुळासकट घ्या, दोन बोंडं वेगळ्या कागदी पुडीत. तोवर नोंदवहीत 'गेंद अ, मोठं पांढरं बोंड, ओली पट्टी', 'गेंद ब, बारीक करडं बोंड, डबकं' असं लिहा. हे कमीपणाचं नाही. चुकीचं पूर्ण नाव लिहिलं तर ते दहा ठिकाणी नकललं जातं. 'गेंद ब' उद्या दुरुस्त करता येतो.

सीतेच्या आसवांचं निम्मं काम फोटोवर होतं. समोरून, बाजूने (खालची टोकदार सोंड दिसेल असा), आणि फुलाच्या देठाशी असलेल्या सहपत्राचा (चिमुकल्या पानाचा) जवळून: ते तळाशी चिकटलंय की मधोमध, यावरून जातींचे दोन गट पडतात. गावात एकाच नावाखाली निळ्या-जांभळ्या दोन-तीन जाती सहज असतात, एकाच ओल्या पट्टीत शेजारी शेजारी.

कवल्याच्या बाबतीत फुलाखालच्या निदलपुंजावरच्या शिरा पाहा: समांतर आहेत की जाळीसारख्या. भिंगाने भर उन्हात दिसतात. तेरड्यात पानं समोरासमोर की एकाआड एक, फुलाच्या सोंडेची लांबी, बोंडावर लव आहे की नाही. कंदीलपुष्पाची नळी ब्लेडने उभी चिरून आतल्या मुकुटाचा फोटो; एका फुलावर काम होतं, कंद उकरायची गरजच नाही. खरपुडीचे, म्हणजे कंदीलपुष्पाचेच, कंद लोक खातात, गुरंढोरं आणि साळिंदरंही उकरतात, आपण त्यात भर घालू नये.

टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, उतारावरची मोठी कारवी आठ वर्षांनी. फुलण्याचं वर्ष गावागणिक मागेपुढे असू शकतं. तेव्हा 'फुलं नाहीत म्हणून नोंद नाही' असं करू नका. उलटी टोपली ठेवल्यासारखा गोल गच्च झुडूप-आकार बिनफुलाचाही कळतो. शेवटचं केव्हा फुललं होतं ते मावश्यांना विचारून वर्ष लिहा, ते नोंदवहीतलं मोलाचं वाक्य ठरेल.

आणखी एक. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून त्या भागातल्या साडेआठशे जातींचा आकडा आणि यादी सगळीकडे फिरते. कितीतरी गावांच्या नोंदवह्यांत तीच यादी उतरवलेली असते. तुमच्या सड्यावर दीडशे सापडल्या तर दीडशेच लिहा.

प्रतिसाद ६ – उंबरठा

नमुने गोळा करण्याबद्दल वरती सगळे उत्साहात आहेत, म्हणून थोडा ब्रेक.

नियम असा ठेवा: २० पेक्षा कमी रोपं दिसली तर उपटायचं नाही, फक्त फोटो. जास्त असली तर वीसात एक. आमरी, कंदीलपुष्पं आणि वायतुऱ्याचा कंद कधीच नाही. फांदी किंवा फूल घ्या. खासगी जमिनीवर मालकाची आणि गायरानावर ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्या. उतारावर वनहद्दीत गेलात तर वनखात्याची परवानगी लागेल. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर त्याशिवाय पाऊलही टाकू नका.

जागेबद्दल. नोंदवही ही गावाची कागदपत्रं, ती पाहायला कोणीही येऊ शकतं. दोन प्रती करा. सर्वांसाठीच्या प्रतीत दुर्मिळ जातींपुढे 'सडा, उत्तर भाग' एवढंच. अचूक अक्षांश-रेखांश समितीच्या कुलूपबंद प्रतीत. मोबाइलच्या फोटोत जागा आपोआप भरलेली असते, म्हणून गटावर टाकण्याआधी ती काढून टाका किंवा कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवून जीपीएस आकडा वहीत लिहा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकताना 'अस्पष्ट' हा पर्याय निवडला की बिंदू ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो, म्हणजे साधारण वीसेक किलोमीटरचा घोळ. संकटग्रस्त जातींसाठी हे आपोआप होतं, पण सगळ्याच जातींसाठी नाही.

मावश्यांकडून औषधी उपयोग लिहून घेताना 'कोणत्या आजारावर' इथपर्यंतच ठीक. प्रमाण आणि कृती त्यांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय लिहू नका. जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ खाली तुमची समिती उभी आहे, ज्ञान सांभाळणं हे तिचंच काम.

कातळवाट

सगळं उतरवून घेतलं. आता गावात नवी चर्चा निघालीय: सड्याला कुंपण घालून गुरं बंद करायची आणि मोकळ्या जागेत हजार झाडं लावायची. समितीने काय सांगावं?

प्रतिसाद ७ – गवत्या

झाडांना सरळ नाही म्हणा. सडा ओसाड नाही, तिथे झाडं नाहीत कारण माती नाही. खड्डा म्हणजे जांभा फोडणं, मग त्यात खालून आणलेली माती आणि शेणखत. झाड दुसऱ्या उन्हाळ्यात मरतं, पण खड्ड्यामुळे पाझर फुटतो, शेजारचं डबकं लवकर आटतं आणि आणलेल्या मातीतून गाजर गवत, रानमोडी आणि रानतुळस वर येतात. झाडं लावायचीच असतील तर उताराच्या पायथ्याशी किंवा गावठाणात लावा. पर्यटकांच्या गाड्यांनाही सड्यावर येऊ देऊ नका. टायरच्या चिखलातून तेच बी चढतं.

कुंपणाबद्दल एवढं ठाम बोलणार नाही. गुरं तुडवतात, शेणाने माती खतावते, हे खरं. पण जाड मातीच्या भागात चराई पूर्ण थांबली की उंच गवत माजतं आणि बुटक्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. कासच्या कुंपणावरून हाच वाद झालाय. अंदाजाने भांडण्यापेक्षा मोजा: गवताळ भागात आणि ओल्या पट्टीत प्रत्येकी पाच जोड्या करा. जोडीतली एक २ × २ मीटरची जागा जाळीने बंद, दुसरी चार-पाच मीटरवर उघडी. मोजणी मधल्या १ × १ मीटरची, कारण जाळीच्या कडेला गुरं तोंड घालतातच. किमान तीन पावसाळे. एका वर्षाच्या फरकावरून निर्णय घेऊ नका; पाऊस कमी-जास्त झाला तरी फुलं तितकीच बदलतात. आणि जाळीचे खांब पातळ मातीत नको, कातळातच रोवा.

प्रतिसाद ८ – टिपकागद

ओळखायला नमुने पाठवायचे तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे, तुमच्या बाजूने शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग जवळ. आधी पत्र किंवा फोन करून विचारा, थेट गठ्ठा घेऊन जाऊ नका. प्रत्येक जातीच्या मुबलकतेप्रमाणे तीन प्रती: एक तुमच्याकडे, एक ओळखणाऱ्यांना ठेवून घ्यायला, एक राखीव. तिन्हींवर एकच क्रमांक.

चिठ्ठीवर स्थानिक नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, वरच्या सातपैकी कोणता भाग, मातीची खोली, फुलाचा ताजा रंग, वनस्पतीची उंची, गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलीने किंवा पाण्याने न फुटणाऱ्या शाईने. बॉलपेन स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून बाटलीतल्या चिठ्ठीला पेन्सिलच. क्रमांकाचा टॅग वनस्पतीला सड्यावरच बांधा, घरी येऊन नाही. पाच प्रकारचे गेंद एका पिशवीत आले की संध्याकाळी कोणता डबक्यातला आणि कोणता कातळावरचा, हे देवही सांगू शकत नाही.

गठ्ठा नोव्हेंबर-डिसेंबरात पाठवा. हवा कोरडी असते आणि गेंदाचं बीही तोवर हाताशी आलेलं असतं.